अंगठ्याची कळ

ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेस केटी नावाचे एक उपनगर आहे. माझी थोरली मावसबहीण गेली तीस-बत्तीस वर्षे तेथे राहते. मेहुणे निवर्तले, मुलगा नोकरीनिमित्त डॅलसला गेला आणि त्या ऐसपैस घरात एकोणसत्तर वर्षांची ताई एकटी उरली. दोन घरे सोडून एका घरात भरदुपारी चोर शिरल्याचे निमित्त झाले आणि तिने पिस्तूल विकत घेतले. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. देवघराच्या शेजारच्या कपाटातून तिने ती काळी वस्तू काढून दाखवली, तेव्हा मला क्षणभर काही सुचेना. दिवाळीत लवंगी फटाक्याला उदबत्ती लावतानाही चार हात लांब उभी राहणारी हीच ती ताई!

आपल्यापैकी अनेकांची मुले-बाळे आज अमेरिकेत आहेत. उन्हाळ्यात आजी-आजोबा तिकडे जातात, सहा-सहा महिने राहतात. ज्या घरात आपण उतरतो, त्या घरात शस्त्र आहे की नाही, हे विचारण्याची आपली रीत नाही. आपल्याला ते सुचतच नाही. शस्त्र बाळगण्याचा अमेरिकन नागरिकाचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात व्यक्तिगत हक्क म्हणून मान्य केला आहे, आणि टेक्सासमध्ये तर २०२१ पासून सज्ञान, पात्र नागरिकाला कमरेला पिस्तूल लावून हिंडण्यासाठी परवान्याचीही गरज उरलेली नाही. हे योग्य की अयोग्य, या वादात मला येथे शिरायचे नाही. तो त्यांचा प्रश्न आहे. मला सांगायचे आहे ते एका इंचभर लांबीच्या कळीविषयी, आणि ती कळ ज्या अंगठ्याने दाबायची त्या अंगठ्याविषयी.

ताईबरोबर मी एका बंदिस्त नेमबाजी केंद्रात गेलो. पोलीस दलातून निवृत्त झालेल्या एक बाई तेथे शिकवतात. ताईने मॅगझिन सहज भरले, पिस्तुलाची स्लाइड सहज मागे ओढली, पहिल्या दोन गोळ्या कागदावर बऱ्यापैकी लागल्या. तिसऱ्या वेळी तिने चाप ओढला आणि काहीच झाले नाही. पुन्हा ओढला, काही नाही. मग गोंधळून जाऊन, 'अगं, हे बघ ना, अडकलंय,' असे मराठीतच म्हणत ती हातातल्या भरलेल्या पिस्तुलासकट मागे वळू लागली. शिक्षिकेने पुढे होऊन तिचे मनगट धरले आणि नळीचे तोंड लक्ष्याकडेच राहील असे पाहिले. हे सारे दोन सेकंदांत घडले. मी मागे काचेपलीकडे उभा होतो आणि त्या दोन सेकंदांत नळी किती अंशांतून फिरली असती, याचा हिशेब मी नंतर बराच वेळ करीत होतो.

पिस्तूल बिघडलेले नव्हते. दुसऱ्या गोळीच्या धक्क्याने हात वर उसळला, तेव्हा ताईचा अंगठा सेफ्टीच्या कळीखाली होता. अंगठ्याने कळ वर ढकलली आणि पिस्तुलाने, त्याला शिकवल्याप्रमाणे, उडण्यास नकार दिला. दोष असलाच तर पकडीचा होता. पण ही पकड तिला कोणी शिकवली? दुकानातील विक्रेत्याने. आणि त्याने शिकवली तीही चुकीची नव्हती. ती फक्त दुसऱ्या पिस्तुलाची होती.

हा घोटाळा समजून घ्यायचा तर थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्राशी माझा संबंध आयुष्यभर टंकलेखन यंत्रापुरता, आणि महाविद्यालयात एनसीसीच्या .२२ रायफलीपुरता. त्यामुळे जे मला समजले ते वाचकांस समजण्यास अडचण येऊ नये.

स्वयंभरित पिस्तुलात पहिली गोळी नळीत चढविण्यासाठी वरची पोलादी स्लाइड हाताने मागे खेचावी लागते. तिच्या मागे स्प्रिंग असते. लहान पिस्तूल म्हणजे हलके काम, असा सर्वसामान्य समज आहे; वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या छोट्या पिस्तुलांत गोळीचा मागचा दाब केवळ स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या ताठरपणाने पेलला जातो, म्हणून ती स्प्रिंग भलतीच कडक असते. साठीपुढच्या अनेकांना, आणि कोवळ्या मनगटाच्या पुष्कळांना, ती खेचवतच नाही. वर्षानुवर्षे अशा माणसांना एकच सल्ला मिळे : रिव्हॉल्व्हर घ्या. पण रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढायचा तर बोटाला पाच किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. सांधे दुखणाऱ्या बोटाला तेही जड.

या अडचणीवर इटलीच्या बेरेटाने फार पूर्वी एक युक्ती काढली होती. त्यांच्या काही छोट्या पिस्तुलांत स्लाइड ओढावीच लागत नाही. एक कळ दाबली की नळीच मागच्या बाजूने वर उचलली जाते. तिच्यात काडतूस ठेवायचे आणि नळी खाली दाबून बसवायची. टॉमकॅट नावाचे पिस्तूल याच जातीचे. युक्ती नामी, पण ती फार थोड्या नमुन्यांपुरती राहिली.

मग २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसन या १८५२ पासूनच्या कंपनीने ३८० ऑटो काडतुसाचे 'शील्ड ईझी' बाजारात आणले, आणि पाठोपाठ ९ मिलिमीटरची आवृत्ती काढली. नावातच 'सोपे' हा शब्द. आठ गोळ्यांचे मॅगझिन, वजन रिकामे असताना सुमारे सव्वापाचशे ग्रॅम. आत घोडा दडवलेला, त्यामुळे चाप हलका. नळी आणि स्लाइड गोळी सुटण्याच्या क्षणी एकमेकांत अडकलेल्या राहतात, त्यामुळे स्प्रिंग कडक ठेवण्याचे कारण उरत नाही. मॅगझिनच्या कुशीला एक गुंडी. ती खाली ओढून धरली की काडतुसे अंगठ्याने दाबून बसवावी लागत नाहीत, अलगद आत जातात. २०२३ मध्ये रूगर कंपनीचे सिक्युरिटी-३८० याच वाटेने आले. ही पिस्तुले खपली, आणि खपावीत अशीच होती. एका मोठ्या, दुर्लक्षित ग्राहकवर्गाच्या दुखऱ्या हातांचा विचार करून कोणी काही घडवले, याचे कौतुक केलेच पाहिजे.

(अर्थात सोपेपणाची हमी यंत्राच्या प्रत्येक सुट्या भागाला पाळावी लागते. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात तयार झालेल्या ९ मिलिमीटरच्या ईझी पिस्तुलांविषयी कंपनीने स्वतःच इशारा दिला होता. काहींचा घोडा ठरलेल्या प्रतीचा नव्हता. त्याला तडा गेल्यास पिस्तूल उडणार नाही किंवा अनपेक्षितपणे एकाहून अधिक गोळ्या सुटतील, अशी ती धास्ती होती. कंपनीने भाग बदलून दिले. कोणाच्या घरी जुने ईझी असेल तर त्याचा क्रमांक तपासून घ्यावा, एवढ्यासाठी हे सांगितले.)

आता मूळ मुद्दा. या पिस्तुलांवर दोन सुरक्षा आहेत. शील्ड ईझीच्या मुठीच्या पाठीला एक पट्टी आहे. तळहाताने ती दाबली गेल्याशिवाय पिस्तूल उडत नाही. हिला मुठीची सेफ्टी म्हणू. दुसरी अंगठ्याची, ती हवी असेल त्याने घ्यावी, नको असेल त्याने तिच्याविना घ्यावे, असे दोन्ही नमुने मिळतात. कळ वर असली की पिस्तूल बंद, खाली असली की चालू. आणि दुकानात आलेल्या वृद्ध गृहस्थाला किंवा बाईला विचारले की, 'सेफ्टीसकट देऊ की सेफ्टीशिवाय?', तर उत्तर काय येणार? 'सेफ्टीशिवाय' म्हणायला धीर हवा. ताईने सेफ्टीसकट घेतले. मीही तेच केले असते.

अंगठ्याच्या कळीचा इतिहास फार मनोरंजक आहे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १९१० साली अमेरिकन सैन्यापुढे जे पिस्तूल ठेवले, त्याला मुठीची सेफ्टी होती, अंगठ्याची नव्हती. ती मागितली घोडदळाने. स्वाराचा एक हात लगामात गुंतलेला, घोडा उधळलेला, हातातील पिस्तूल भरलेले आणि घोडा चढवलेले. अशा वेळी त्याच एका हाताने ते निर्धोक करून म्यानात घालता आले पाहिजे, ही त्यांची गरज होती. ब्राउनिंगने कळ बसविली. सहा हजार गोळ्यांच्या चाचणीत ते पिस्तूल एकदाही अडखळले नाही आणि २९ मार्च १९११ रोजी ते सैन्यात दाखल झाले. आजही ते '१९११' याच नावाने ओळखले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घोडदळाने ही कळ मागितली ती पिस्तूल परत ठेवण्याच्या क्षणासाठी. शत्रूवर झाडण्याच्या क्षणी तिची गरज नव्हती, अडचणच होती. आणि ती अडचण दूर करण्यासाठी पुढे एक पकड रूढ झाली. मरीन दलातील निवृत्त अधिकारी जेफ कूपर यांनी १९७६ साली ॲरिझोनातील पॉल्डन येथे पिस्तूल शिकविण्याची संस्था काढली. त्यांच्या परंपरेत १९११ धरताना अंगठा कळीवर, होय, वरच ठेवायचा असतो. पिस्तूल उचलून लक्ष्याकडे वळले की अंगठा कळ खाली करतो आणि तेथेच विसावतो. मग धक्का कितीही बसो, अंगठ्याचे वजन कळीला खालीच दाबून धरणार. ती आपोआप वर जाण्याचा प्रश्नच नाही.

त्यानंतर १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारले. त्याला अंगठ्याची कळच नाही. सुरक्षा चापात आणि पोटात. अमेरिकन पोलिसांनी ते उचलले, नागरिकांनीही उचलले. त्याच सुमारास स्पर्धात्मक नेमबाजांनी दोन्ही अंगठे पुढे, नळीला समांतर ठेवण्याची पकड लोकप्रिय केली. ती उत्तम आहे. डाव्या हाताचा तळवा मुठीची मोकळी बाजू भरून काढतो, पिस्तूल कमी उसळते. पण ती बहरली ती अशा पिस्तुलांच्या हातात, ज्यांना अंगठ्याखाली वा अंगठ्यावर अडथळा करणारे काही नव्हते. आज बहुतेक दुकानांत, बहुतेक शिबिरांत तीच शिकवली जाते.

म्हणजे ताईच्या हातात पिस्तूल १९११ च्या घराण्याचे आले आणि पकड ग्लॉकच्या घराण्याची. पुढे केलेला अंगठा कळीच्या खाली जाऊन बसला. उजव्या बाजूलाही जोडकळ असते, डावखुऱ्यांच्या सोयीसाठी. तिला तर्जनीच्या मुळाचे हाड घासते, हा आणखी एक उपद्व्याप. ताईचा हात लहान, म्हणून घासणे अधिक.

'मग अंगठा वर ठेव, झाले,' असे मी शहाणपणाने म्हणालो. शिक्षिका हसल्या आणि त्यांनी ताईला तसे करून दाखवायला सांगितले. अंगठा वर गेला, पण अंगठा उंच उचलताना तळहाताचा खालचा भाग मुठीपासून सुटला आणि मुठीची सेफ्टी दाबली जाईना. पुन्हा चाप मुका. १९११ वापरणाऱ्यांना हे दुखणे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. त्या पट्टीच्या खालच्या टोकाला मुद्दाम उंचवटा करून घेण्याची पद्धत त्यातूनच आली, आणि काही जुने नेमबाज तर ती पट्टी सरळ निकामी करून टाकीत. असे करणे मला मुळीच पसंत नाही. आणि अमेरिकेत अशी छेडछाड केलेल्या शस्त्राने काही बरेवाईट झाले तर न्यायालयात त्याचा जाब द्यावा लागेल तो निराळाच.

तेव्हा चाप न चालण्याची कारणे दोन झाली : अंगठ्याची कळ वर गेली असेल किंवा तळहात ढिला पडला असेल. कारण कोणते, हे रात्री दोन वाजता, दारावर धक्के बसत असताना, एकोणसत्तर वर्षांच्या बाईने ओळखायचे आहे.

मराठीत 'कळ' शब्दाला दोन अर्थ आहेत, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दाबायची ती कळ आणि सोसायची तीही कळच. ताईच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून असलेल्या सांध्यात, गेली काही वर्षे संधिवात आहे. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये हे दुखणे फार आढळते. लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवताना, कणीक तिंबताना, कुलपात किल्ली फिरवताना याच सांध्यातून कळ येते. आता पाहा : पिस्तूल बनविणाऱ्याने स्लाइड हलकी करून दंडाचा भार काढला, चाप हलका करून तर्जनीचा भार काढला, मॅगझिनला गुंडी लावून भरताना अंगठ्याचीही सुटका केली. आणि सरतेशेवटी सुरक्षेच्या नावाखाली एक इंचभर कळ त्याच दुखऱ्या अंगठ्याच्या गळ्यात घातली. एकलव्याकडून अंगठा मागणाऱ्याला धनुर्विद्येतले मर्म ठाऊक होते. येथे मात्र सगळ्या हाताचा विचार झाला आणि अंगठा विसरला गेला, असे मला वाटते.

मग अंगठ्याची सेफ्टी वाईट म्हणायची काय? माझे तसे मत नाही. किंबहुना या सोप्या पिस्तुलांच्या बाबतीत ती टाकून देताना दहादा विचार करावा असेच मी म्हणेन. कारण त्यांचा चाप हलका आणि आखूड आहे. रिव्हॉल्व्हरचा लांब, जड चाप ही स्वतःच एक सुरक्षा होती. ती येथे नाही. पिस्तूल म्यानात किंवा पर्समधल्या कप्प्यात परत ठेवताना जाकिटाची दोरी, सदऱ्याचे टोक, म्यानाचा दुमडलेला कडा चापात अडकतो आणि गोळी मांडीतून जाते, असे अपघात पोलिसांच्याही हातून झालेले आहेत. त्या क्षणी वर केलेली कळ जीव वाचवू शकते. घोडदळाने ११० वर्षांपूर्वी जे मागितले, ते आजच्या पर्सलाही लागू आहे. मुठीची सेफ्टी त्या क्षणी पुरेशी नाही, कारण आत ठेवणाऱ्याचा हात मुठीवरच असतो. तो हात वर सरकवून अंगठा स्लाइडच्या मागे टेकवून ठेवला तर पट्टीवरचा दाब सुटतो खरा, पण त्यालाही सवय लागते.

माझा आक्षेप आहे तो कळ ही खरेदीच्या वेळी घेऊन टाकण्याची वस्तू समजण्यावर. कळ घ्यायची तर पकड तिच्याभोवती नव्याने बांधावी लागेल. प्रत्येक वेळी पिस्तूल उचलताना अंगठा खाली, ठेवताना वर, हे पोळी उलटण्याइतके नकळत झाले पाहिजे. तो रियाज होणार नसेल, किंवा अंगठाच तो करू देत नसेल, तर कळीविना असलेला नमुना, मुठीची सेफ्टी आणि चाप पूर्ण झाकणारे टणक म्यान हे त्या हातासाठी अधिक निर्धोक आहे. अर्धवट शिकलेली कळ दोन्हीकडून दगा देते. पाहिजे तेव्हा पिस्तूल चालत नाही. आणि 'सेफ्टी आहे ना' या भरवशावर चापावर बोट ठेवण्याची खोड जडते ती वेगळीच. चापाबाहेर बोट आणि नको तिकडे नळी नाही, या दोन नियमांची जागा कोणतीही कळ घेऊ शकत नाही. ताई वळली तेव्हा तिची कळ वर होती, म्हणजे पिस्तूल 'सुरक्षित' होते. शिक्षिकेने तरीही झेप घेतली, कारण घाबरलेला अंगठा पुढच्या क्षणी काय करील याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते.

कळीची दिशा हा आणखी एक सापळा. १९११ आणि त्याच्या घराण्यात कळ खाली केली की पिस्तूल चालू. पण अमेरिकन सैन्याने १९८५ मध्ये घेतलेल्या बेरेटात कळ स्लाइडवर आहे आणि ती वर केली की पिस्तूल चालू! दुखऱ्या हाताच्या माणसाला स्लाइड चिमटीत धरू नका, वरून सगळ्या तळव्याने पकडा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला, असे शिकवतात. ते रास्त आहे, कारण चिमूट पुन्हा त्याच अंगठ्याच्या सांध्यावर येते. पण बेरेटासारख्या पिस्तुलावर हेच केले तर तळवा कळीला खाली ओढतो आणि भरता भरताच पिस्तूल बंद होते. यास्तव नवऱ्याचे एका जातीचे आणि बायकोचे दुसऱ्या जातीचे, अशी दोन पिस्तुले एका घरात असू नयेत. अमेरिकेत ती सर्रास असतात.

आपल्या सैन्यासाठी ईशापूरच्या कारखान्यात बनणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल ब्राउनिंगच्याच १९३५ च्या 'हाय पॉवर'ची प्रतिकृती आहे. त्याची मूळ कळ लहान, अंगठ्याला चटकन न सापडणारी. परदेशी आवृत्त्यांत ती पुढे मोठी करण्यात आली. आपल्याकडे नागरिकाला ९ मिलिमीटरचे शस्त्र बाळगता येत नाही, त्यामुळे हा विषय परवान्याच्या .३२ पुरता राहतो. पण डॉक्टर, सराफ, निवृत्त अधिकारी अशा पुष्कळ घरांतून ते .३२ कपाटात असते, आणि वर्षानुवर्षे कोणी त्याला हात लावलेला नसतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला प्रशिक्षणाची अट घातली हे बरे झाले. जुन्या परवानाधारकांच्या अंगठ्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

कोल्हापूरने देशाला जे नेमबाज दिले त्यांची गोष्ट निराळी. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. त्या खेळातील पिस्तुलाची लाकडी मूठ खेळाडूच्या पंजाप्रमाणे कोरून, घासून, बसवून घेतलेली असते. आणि नेमबाजी चालू नसताना रिकाम्या नळीत रंगीत झेंडीची दोरी घातलेली असते, की लांबूनही कोणाला शंका राहू नये. तेथे हातासाठी मूठ घडते. बाजारातल्या पिस्तुलात मात्र लाखो हातांसाठी एकच मूठ, आणि जुळवून घ्यायचे ते हाताने.

आता राहिली घरातल्या मुलांची गोष्ट. ताईचा मुलगा सुट्टीला येतो तेव्हा सात वर्षांचा नातू बरोबर असतो. 'त्याच्या हाताला मुठीची पट्टी दाबणार नाही,' असे ताई म्हणाली. मी म्हणालो, 'ताई, तुझ्या हाताला सोपे व्हावे म्हणून जे सोपे केले आहे, ते त्याच्याही हाताला सोपेच आहे.' हलकी स्लाइड, हलका चाप नातवाला ओळखत नाहीत. आणि कळ खाली करणे हा तर मुलांचा खेळच. टेक्सासच्या कायद्यातही १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल असे ठेवणे गुन्हा आहे. याहून एक अवघड गोष्ट लिहिणे भाग आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, ५४९ अपघात. मागे एकटे उरलेले वृद्ध हे या आकड्यांत कोठे असतील, याचा विचार परदेशी असलेल्या मुलांनी करावा. शस्त्राच्या मालकाच्याच हाताविरुद्ध कोणतीही सेफ्टी काम करीत नाही. तेथे फोन लागतो आणि माणूस लागते. मी भाच्याशी हे बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि त्यानंतर दर रविवारी नियमाने फोन करतो, असे ताई सांगते.

पिस्तूल विकून टाक, असे मी तिला सुचवले होते. तिने ऐकले नाही. ती माझ्याहून थोरली आहे आणि त्या घरात रात्री तिला राहायचे आहे. तिने ते देऊन अंगठ्याच्या कळीविना असलेले त्याच जातीचे घेतले. शिक्षिकेने तिच्या बोटांची जागा पुन्हा बसवून दिली : उजव्या हाताची बेचकी मुठीच्या अगदी वरच्या टोकाला, तळवा पाठीला घट्ट, डाव्या हाताची बोटे उजव्या बोटांवर. कपाखाली बशी धरावी तसा डावा हात खाली धरायचा नाही, आणि डावा अंगठा स्लाइडच्या मागे कधीही जाऊ द्यायचा नाही, नाहीतर मागे येणारी स्लाइड तो कापते. दर रविवारी, भाच्याचा फोन झाल्यावर, ती गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, नळी दोनदा तपासून, रिकाम्या पिस्तुलाने पंचवीस वेळा ही पकड घेते. एरवी ते पलंगाशेजारी भिंतीला जखडलेल्या पोलादी पेटीत असते. पेटीला आकड्यांची चार बटणे आहेत. ती अंगठ्याने दाबायची अशी सूचना पुस्तिकेत आहे. ताई मधल्या बोटाने दाबते.